मागच्या बाकावरची राखण

सकाळी पाववाला पोदेर सायकलची पोंपों वाजवत आला, हातावर पाव ठेवले आणि म्हणाला, "माई, सिस्टर आग्नेस गेल्या." पाव तसेच हातात राहिले... त्याला आता महिना होईल.

आमच्या हिंदूंच्या वाड्यातून लेकीला, सुषमाला, सिस्टरांच्या शाळेत घातलं तेव्हा पोर बाटेल म्हणून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. "चेडवाक बाटयतले!" शेवटी ठरलं, मी रोज सोबत जायचं आणि राखण करायची. काही वावगं दिसलं की पोरीची शाळा बंद. मी आपली व्हरांड्यातल्या सोप्यावर, म्हणजे दगडी बाकावर, बसून खिडकीतून डोकावायची. एक दिवस सिस्टरांनी पकडलंच. "राखण करूंक आयल्या? मग भितर बस गो बाये. भायल्यान कितें दिसतलें?" आणि हसतायत हो! मी जन्मात शाळेची पायरी चढले नव्हते. मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसून लेकीबरोबर मीही बाराखडी गिरवली. हे लिहितेय ती अक्षरं तिथलीच.

पण एकदा केर काढताना सुषमा येशूचं गाणं गुणगुणली. "सोंपली शाळा!" सासूबाई कडाडल्या. दुसऱ्या दिवशी पोर दिसली नाही तशा सिस्टर भर उन्हात चालत आमच्या अंगणात. वाद नाही, समजावणं नाही. म्हणाल्या, "आमचें गीत ती शिकली. तुमची फुगडी आमकां कोण शिकयतलो?" सासूबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुका जमची ना. पांयांत बूट!" पण गणपतीच्या चवथीआधी सासूबाई शाळेच्या पटांगणात गाणी सांगत उभ्या, आणि सिस्टर बूट काढून, झगा सावरत घुमतायत... पोरीच्या शाळेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता शाळा इंग्रजी, इमारत उंच, फाटकावर वॉचमन. शिकवणाऱ्यांत सिस्टर थोड्या, कुंकवाच्या बाया जास्त. सुषमाची लेकही तिथंच जाते. सोपा मात्र तसाच. थकल्यावर सिस्टर आग्नेस तिथंच बसायच्या. शेवटच्या भेटीत माझा हात धरून म्हणाल्या, "अजून राखण करता गो?"

परवा नातीला आणायला गेले आणि सोप्यावर टेकले. फाटकाबाहेर एक तरुण आई उभी, पदर तोंडाशी. नव्यानं घातलेलं पोर आत रडत होतं, ती गजांतून बघत होती. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आत ये गो बाये. बाहेरून काय दिसणार?"

वॉचमन माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं फाटक उघडलं. मी थोडी सरकले.