शाळेमागचा बगीचा

मोताळ्यात नवा बगीचा झाला, चालायला सिमेंटचा गोल रस्ता केलाय, असं कळलं आणि मी सकाळीच बूट घालून निघाले. स्टँडवरचा रिक्षावाला म्हणाला, शाळेच्या मागं पाहा. शाळेमागं सोयाबीन वाळत घातलेलं एक खळं होतं. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. खळं मला लांबून ओळखू येतं. पुढे बाजारापर्यंत जाऊन आले. पानवाल्यानं पुन्हा शाळेमागंच धाडलं. पुन्हा तेच खळं. आता माझं डोकं फिरलं. एक बाई पायानं सोयाबीन खालीवर करत होत्या. त्यांना जरा चढ्या आवाजातच विचारलं, "बगीचा कुठं हाय हो इथं?"

"हाच तर हाय," त्या म्हणाल्या. "थे पाहा, पाटी."

पाटीवर रिकामी पोती टाकलेली होती. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "फिराले आल्या ना? मंग बूट काढा अन् या दाण्यातून फिरा. माहे पाय दुखून राह्यले."

मी बूट काढले आणि दहा फेऱ्या मारल्या. त्या बाकावर बसून बघत होत्या. तो रस्ता मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण सिमेंटचं काम चांगलं झालंय, हे मी छातीठोकपणे सांगते.