पांढरीला पाजलेलं लोखंड

दवाखान्यात नोकरी केली की किस्से रिकाम्या बाटल्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही! मी मेहकरजवळच्या एका गावात नर्स होते. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. डॉक्टर पुण्याकडचे, तापट पण मायाळू. अंगात रक्त नसलेल्या बायका आमच्याकडे फार यायच्या. त्यांचे किस्से सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

*

डॉक्टरांचं औषध एकच, लोखंडाचं मिक्श्चर. ते घेतलं की शौचाला काळं होतं. एक सासू ओरडतच आली, "डाक्टर, सुनेच्या पोटातून कोळसा पडून राह्यला! करनी निघाली!"

"अहो, ते जादाचं लोखंड आहे!"

दुसऱ्या दिवशी दारात बायकांची रांग. सगळ्यांना 'करनी काढाचं औषध' हवं! डॉक्टर म्हणाले, "काहीही म्हणू देत. पितायत ना?"

*

गावात जुनी मातीची गढी होती. तिच्या भिंतीला तोंडाच्या उंचीवर खळगे पडलेले. मला वाटलं, घुशी असतील. पण घूस इतक्या वर कशाला चढेल?

एका भर दुपारी पाहिलं तर गिरजा, पोटुशी पोर, भिंतीला तोंड लावून उभी. ओठ पांढरे, हात पांढरे.

"काऊन खाते व माती?"

"मी नाही खात, बाई. थे भितच बलावते मले!"

रक्त कमी झालं की माती खावीशी वाटते, हे मी शिकले होते. तरी घरी जाताना मी त्या भिंतीकडे पाहिलं नाही.

*

डॉक्टरांकडे रक्ताचा रंग ताडायचं कार्ड होतं. टिपकागदावर थेंब घ्यायचा आणि कार्डावरच्या लाल छटांशी लावून बघायचा. गिरजाचा थेंब सगळ्यांत फिक्या छटेहून फिका! "कार्डाचा रंग उडालाय," म्हणत डॉक्टरांनी नागपूरहून नवं मागवलं.

नवं आलं तोवर थेंब आणखी फिका झालेला. बाळंतपणातून ही वाचेल का, हे विचारायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

*

डॉक्टर गिरजाच्या सासूला बजावून म्हणाले, "या पांढरीला रोज लोखंड पाजा, चुकवू नका!"

बाटल्यांमागून बाटल्या गेल्या, गिरजाच्या अंगी काही लागेना. शेवटी मी विचारलं, "पाजता ना हो?"

"हाव! रोज सकाळी, आंघोळ करून."

"आंघोळ कशाले?"

"देवाचं काम हाये ना!"

आमच्याकडे गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात, देवीसारखं पुजतात. गढी त्याच मातीची. म्हातारीनं सगळं मिक्श्चर गढीच्या भिंतीला पाजलं होतं! काळे ओघळ मी जाऊन पाहिले. संतापही आला आणि रडूही.

*

हे कळलं तोवर दिवस भरत आले होते. गिरजानं डॉक्टरांना विचारलं, "मह्या अंगातलं लोखंड गेलं कुठी?"

"रक्तात लोखंड एकटं चालत नाही, पोरी. त्याला उचलून नेणारे भोई असतात. पोटात लेकरू असलं की भोई आधी तिकडे वळतात."

"मंग वळू द्या."

बाळंतपण दवाखान्यातच झालं, चांगलं ऊन पडलेलं असताना. मुलगी झाली, खणखणीत रडली. मी खिडकीशी पाठमोरी उभी राहून तिला पुसत होते. मागून गिरजानं विचारलं, "लाल हाये का?"

"लालबुंद!"

"पोचलं मंग समदं."

मी हसून म्हटलं, "आता तुह्यं पाह्य. उद्यापासून मिक्श्चर मीच पाजीन तुले!"

डॉक्टरांनी गिरजाच्या मनगटावरचा हात काढला.

"बाई, कोणाशी बोलताय? ती तर मुलगी रडायच्या आधीच गेली!"