बसमध्ये सांगितलेला 'जहाल'चा अर्थ

मंडळी, दुपारची गोष्ट घाईत टाइप करतेय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

इकडे हिंदी मुलखात, धूलकोटच्या बसमध्ये होते. भुसावळहून भाचीचा फोन आला. उद्या तिचा इतिहासाचा पेपर. "आत्या, जहाल म्हणजे काय गं?"

बसमध्ये गलका, म्हणून मी ओरडूनच सांगितलं, "अगं, जहाल विष म्हणतात ना? तसे कडक. मवाळ लोक इंग्रजांना अर्ज करायचे, जहाल सरळ भिडायचे."

शेजारचा माणूस गर्रकन वळला. "मॅडम, जाहिल किसको बोला?"

इकडे जाहिल म्हणजे अडाणी, चक्क शिवी. मी घाबरले. घाईत हिंदी शब्द शोधला आणि नेमका नको तो सापडला. "नहीं भैया, जाहिल नहीं, जहाल. मतलब उग्रवादी!"

हिंदीत उग्रवादी म्हणजे अतिरेकी; अख्खी बस माझ्याकडे वळली. हिंदी पुस्तकात जहालांना 'गरम दल' म्हणतात, ते तेव्हा आठवलंच नाही. पुढच्या सीटवरून कुणीतरी मोबाइल माझ्यावर धरला होता. कंडक्टर म्हणाला, "कौन उग्रवादी? आप जा कहाँ रही हो?"

मी पुढच्याच स्टॉपवर उतरले. तेही चुकलंच. आता पळाल्यासारखं दिसणार.

तो व्हिडिओ तुमच्या कुठल्या ग्रुपवर आला का? त्यात भाचीचा प्रश्न नसेल. फक्त माझं तोंड आणि तो शब्द असेल.

आत्ताच तिचा पुन्हा फोन आला. "आत्या, अर्थ अर्धाच राहिला."

दाराला कडी आहे, घरात मी एकटी. तरी 'जहाल' हा शब्द तोंडातून निघेना. "मेसेज करते," म्हटलं.

टाइप केला आणि पुसून टाकला. तुम्ही पाठवला असता का?