आधी कोण सापडतं

माझी वहिनी ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते. परवा तिच्या सहकाऱ्याने बॅकअपच्या टूलची नवी आवृत्ती पुन्हा पुन्हा इन्स्टॉल केली, तरी कमांड दिली की चालायची जुनीच. तो मशीनवर डाफरला.

वहिनी म्हणाली, "नवी आतच आहे रे. पण मशीन ठरल्या क्रमाने फोल्डर बघतं आणि पहिली सापडेल ती चालवतं." तिने नवीचं फोल्डर क्रमात पुढे घेतलं. काम झालं.

घरी आईने चहासाठी "कोण आहे रे तिकडे?" म्हटलं की दाराजवळच्या टेबलाशी बसलेली वहिनीच उठायची. मी आतल्या खोलीत लोळत असायचो. रविवारी तिने टेबल आत नेलं आणि माझी कॉट दाराशी आणून ठेवली.

आता चहा मी करतो. वहिनी घरातच असते, पण आईला आधी मी सापडतो.