मामांचा शेक

आमच्या टोकावड्याच्या मामांइतका घाईचा माणूस मुरबाड तालुक्यात झाला नाही, आणि शेजारच्या शहापुरात झाला असेल तर त्यांनी तो लपवून ठेवला असावा. थोडंथोडं करणं म्हणजे मामांना अपमान वाटे. आठवड्याच्या गोळ्या ते पहिल्या संध्याकाळी संपवत आणि उरलेला आठवडा डॉक्टरला नावं ठेवत. पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळायचा, तो राब; गाव त्यावर माती पसरून त्याला सावकाश धुमसत ठेवतं. मामा चारी बाजूंनी काडी लावत. एकदा शेजाऱ्याचा पेंढाही गेला, तेव्हा "त्याचाबी राब झाला, फुकटात," म्हणून मोकळे झाले.

अशा माणसाला, दोन हजार सालानंतर कधीतरी, प्रोस्टेटचा कर्करोग निघाला आणि दवाखान्याने कित्येक आठवडे रोज थोडे थोडे किरण सांगितले. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात, आणि त्या शब्दानेच घोटाळा केला. मामांना वाटलं, हा तर आपलाच विषय.

"सगळा शेक एकाच दिशी द्या न डॉक्टर. आमी राब काय रोज भाजतो?"

"आणि खालची माती करपली तर?" डॉक्टर म्हणाले. "थोडा थोडा दिला की शेजारच्या चांगल्या पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत सावरतात. रोगाच्या पेशींना तेवढं जमत नाही. एकदम दिला तर आतडं जळेल, बाबा."

"मंग नकोच," म्हणून मामा उठले. शेक नाही तर मामाही नाहीत, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. जन्मात त्यांना उलट न बोललेल्या मामी तेव्हा म्हणाल्या, "मी येते रोज संगती. बसा खाली."

मशीनखाली जाताना मूत्राशय भरलेलं लागतं. दवाखान्यात पोचून प्यायचं पाणी मामांनी पहिल्याच दिवशी मुरबाडच्या स्टँडवर एका दमात संपवलं, आणि कल्याणपर्यंत एसटी कुठे कुठे थांबली हे तो कंडक्टर अजून सांगत असेल. दुसऱ्या दिवसापासून बाटली मामींच्या मांडीवर आली. "आता नाय. पोचल्यावर," त्या म्हणत, आणि मामा चक्क ऐकत. हा गुण किरणांचा की मामींचा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेक लागू पडला. मामा खडखडीत बरे झाले. मामी मात्र काही वर्षांनी साध्या तापाने गेल्या. पुढे शेजारच्या वैशाखरे गावातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना तोच आजार निघाला, तर त्यांना डोस मोठे आणि आठवडे निम्मे. प्रोस्टेटला तसंही चालतं, असं आता डॉक्टरच म्हणू लागले होते. मी मामांना मुद्दाम डिवचलं, "तुमचंच खरं झालं की!"



"आपला लांबलचक शेकच बरा होता रे," मामा म्हणाले. "जनम गेला एका घरात, पण ती माझ्या बाजूला बसली ती त्या एसटीतच. तिला खिडकी आवडते, ह्ये मला तेवा कळलं."