नाव घ्या, मग बोला

हैदराबादेत संगणकाची कुलपं बनवणाऱ्या जेवढ्या म्हणून कंपन्या आहेत, त्या सगळ्यांनी मिळून अडवले नसतील एवढे चोर काचीगुड्यातल्या माझ्या धाकट्या आत्याने एकटीने, पदर खोचून, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पळवून लावले आहेत. हे मी केवळ भाचा म्हणून म्हणत नाही. मी स्वतः अशाच एका कंपनीत नोकरीला आहे आणि तिथे काय चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आमची कंपनी मधूनमधून आम्हालाच खोट्या मेल पाठवून आमची परीक्षा घेते. गेल्या दिवाळीत ‘तुमचा बोनस पाहण्यासाठी इथे दाबा’ अशी एक मेल आली आणि मी दाबलं. शिक्षा म्हणून मला दोन दिवस नवशिक्या पोरांबरोबर वर्गात बसवण्यात आलं. आत्याला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “दाबा म्हटलं की दाबायलास? बोनस कधी असा दारात चालत येतो का रे, हौल्या!” आमच्या प्रशिक्षकाने दोन दिवसांत जे सांगितलं ते यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं.

आत्या पैसे काढायच्या यंत्रापुढे उभी राहिली की पदर असा पसरते की यंत्र, हात आणि अर्धं डोकं आत जातं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला बाई वाफारा घेतेय असं वाटतं. घरी सामान घेऊन येणारा मुलगा चार आकडी नंबर विचारतो, तो ती तोंडाने कधीच सांगत नाही. चिठ्ठीवर लिहून त्याच्या डोळ्यांपुढे धरते, त्याने वाचला की चिठ्ठी परत घेते, फाडते, आणि अर्धे तुकडे ओल्या कचऱ्यात, अर्धे सुक्या कचऱ्यात टाकते. फोनमधलं एखादं अॅप ‘तुमच्या ओळखीच्यांचे नंबर पाहू का’ असं विचारतं, तेव्हा तिला मनापासून राग येतो. “तुला कायकू पायजे माझ्या माणसांचे नंबर? नक्को!” असं त्याला ठणकावूनच ती नकाराचं बटण दाबते. देवपूजेच्या वेळी फोन पालथा, आणि वर मिक्सरचं कव्हर. देवाशी चाललेलं बोलणं कंपनीने ऐकू नये एवढीच तिची अपेक्षा असते.

हा सावधपणा काही उपजत नाही. आत्याने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. ट्रंक कॉलच्या काळात शेकडो माणसांना ती नुसत्या ‘हॅलो’वरून ओळखायची. कोणाचं लग्न ठरलंय, कोणाच्या घरी भांडण झालंय, हे नंबर मागणाऱ्याच्या आवाजावरून तिला कळे. आपल्या कानाचा तिला फार अभिमान. आणि नेमक्या त्याच कानाने एकदा दगा दिला. मी दसऱ्याचे लाडू द्यायला गेलो होतो. दार उघडंच होतं. आत्या फोन कानाला लावून, रडवेली होऊन चष्मा शोधत होती, आणि फोनमधून माझाच आवाज येत होता. अगदी माझा. मी कुठेतरी अडकलोय, लगेच पैसे पाठव, बाबांना सांगू नकोस, असं मी तिला विनवत होतो. आत्याने वर पाहिलं. एकदा माझ्याकडे, एकदा फोनकडे. मग मला म्हणाली, “तू दारात, तर मग हा मेला कोण?” एवढं ऐकून त्या मेल्याने फोन ठेवला. पैसे वाचले. पण आत्या त्या दिवशी जेवली नाही. “तुझ्या आवाजाला फसले रे,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मला तिचं फार वाईट वाटलं.

तिला स्वतःची काळजी नव्हती. काळजी होती अक्काची. अक्का म्हणजे तिची मोठी बहीण, माझी थोरली आत्या. यजमान गेल्यापासून ती अंबरपेठेत एकटी राहते. स्वभावाने इतकी भोळी की चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही जेवलास का म्हणून विचारते. काचीगुड्याला राहायला ये म्हटलं तर येत नाही, आणि एकटी ठेवावी तर हे आवाज चोरणारे टपलेले. शेवटी आठवडाभर विचार करून आत्याने घरातल्या सगळ्यांसाठी नियम काढला. यापुढे फोनवर आधी उखाणा घ्यायचा, मग बोलायचं. ज्याने त्याने आपला ठरलेला, आणि तीन वेळा चुकला तर फोन बंद. मी माझं पोटापाण्याचं ज्ञान पाजळून म्हटलं, “आत्या, आवाज चोरतात तसा उखाणाही चोरतील.”

“शब्द चोरतील रे,” ती म्हणाली. “पण नाव घ्यायच्या आधी माणूस जरासा थांबतो बघ, लाजतो. तीस वर्षं ऐकलंय मी. ते कुठून आणतील?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ते प्रशिक्षणाच्या वहीत लिहून ठेवलं.

नियम लागू झाला आणि आमचे हाल सुरू झाले. काचेच्या खोलीत तेलुगू साहेबांसमोर बसलेलो असताना आत्याचा फोन आला की मला तोंडावर हात धरून म्हणावं लागे, “चारमिनारच्या भिंतीवर टिकटिकतं घड्याळ, नेहाचं नाव घेतो सकाळ-संध्याकाळ.” साहेबांना वाटलं, मी मंत्र म्हणतोय. त्यांनी आदराने हात जोडले. नेहा, म्हणजे माझी बायको, पुण्याची. तिने पहिल्याच दिवशी एका दमात, सपाट आवाजात तीनदा उखाणा म्हणून टाकला, तर आत्याने फोन कापला. “शब्द बरोबर आहेत, पण लाजली नाही,” हे कारण. सगळ्यांत कठीण परीक्षा आतोबांची. ते बेगम बाजारात तूरडाळ घ्यायला गेले, आणि दोन किलो की पाच हे विचारायला घरी फोन लावला. बायकोने नाव घ्या म्हणून हट्ट धरला. सत्तरीच्या माणसाने मिरचीच्या पोत्यांमध्ये उभं राहून, शिंका आवरत, उखाणा घेतला. दुकानदाराने टाळ्या वाजवल्या, हमालांनी ‘एक बार और, चचा!’ केलं. आत्याचं नाव मी इथे सांगणार नाही, पण बेगम बाजारातल्या हमालांना ते पाठ आहे.

अक्काला मात्र हा नियम मनापासून आवडला. रोज सकाळी दहाला आत्या फोन लावायची आणि अक्का खणखणीत आवाजात म्हणायची, “बेगम बाजारची वेलची, अंबरपेठचं पान,” मग एक छोटासा थांबा, मग हळूच, “माणिकरावांचं नाव घेते, राखते सगळ्यांचा मान.” नवरा जाऊन नऊ वर्षं झाली तरी तो थांबा तसाच होता.

आणि एक दिवस चोर आलाच. व्हिडिओवर खाकी कपडे, मागे झेंडा, समोर फायली. अक्काला म्हणाला, “मॅडम, आप पर केस है. घर से बाहर नहीं निकलना, किसी को फोन नहीं करना.” अक्का म्हणाली, “केस होगा बावा, पहले नाम लो.” त्याने आपलं नाव आणि हुद्दा सांगितला. अक्का म्हणाली, “तुम्हारा नक्को. बीवी का लो.” तो ओरडला, धमक्या दिल्या, कागद नाचवले. अक्का शांतपणे म्हणाली, “इतने बड़े साब, अभी तक शादी नहीं हुई?” शेवटी तो माणूस वैतागून थांबला आणि खाली बघत पुटपुटला, “सुनीता.” आणि स्वतःच फोन बंद केला. आत्याने हे ऐकलं आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अक्का मात्र त्याच्याच बाजूने बोलत होती. “माणूस वाईट नसंल ग. लाजला की बिचारा.”

त्यानंतर आत्या निर्धास्त व्हायला हवी होती. पण पावसाळा संपता संपता ती गप्प गप्प झाली. एकदा मला म्हणाली, “अक्काचा थांबा लांबायलाय.” मी म्हटलं, नेटवर्क असेल. “नेटवर्क मला शिकवतोस?” ती म्हणाली. “हा लाजायचा थांबा नाही रे. ती शोधायलीय.” डॉक्टरांच्या तपासण्यांतून जे निघालं ते महिनाभराने निघालं. आत्याच्या कानाने ते आधीच ऐकलं होतं. तो कान कधी गेलाच नव्हता, पण हे सांगून तिला आता बरं वाटलं नसतं.

मग एका सकाळी मी समोर असतानाच फोन लागला. “बेगम बाजारची वेलची,” अक्का म्हणाली, “अंबरपेठचं पान,” आणि थांबली. आतोबांना, मला, पुण्याच्या सुनेला तीन चुकांवर फोन कापणारी माझी आत्या भिंतीला टेकून वाट पाहत राहिली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग हलक्या आवाजात ती म्हणाली, “माणिकराव, अक्का.” पलीकडून अक्का हसली. “हो की ग. पण असं सरळ नाव घेतात का मोठ्यांचं?”

दिवाळीआधी आम्ही अक्काला काचीगुड्याला आणलं. आता ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला जेवलास का विचारते, आणि मजेत असते. फोन तिच्या मांडीवरच असतो. परवा मी गेलो तेव्हा आत्या आत भाकरी थापत होती आणि तिचा फोन वाजला. बाहेरच्या खोलीतून अक्काच करत होती. आत्याने गॅस बंद केला, पिठाच्या हाताने फोन उचलला आणि नाव विचारलं नाही. नुसतं म्हणाली, “बोल अक्का.”

“अग, मला काचीगुड्याला यायचंय तुझ्याकडं,” अक्का म्हणाली. तिचा आवाज फोनमधूनही येत होता आणि भिंतीपलीकडूनही. “लई दिवस झाले भेटून. न्यायला येतीस का?”

“येते की,” आत्या म्हणाली. “तू बस तिथंच. निघालेच मी.”

आणि हात पदराला पुसत ती बाहेरच्या खोलीत गेली.