मुक्कामाचं घर

नूरबी खाला गावात शिरली की सायकलवरून उतरायची, पण बांगड्यांचा आवाज द्यायची नाही. आधी हातपंपावर हातपाय धुवायची, सावकाश पाणी प्यायची आणि बायकांचं बोलणं ऐकत उभी राहायची. एखाद्या बाईनं आपणहून “कोन्या गावची वं?” असं विचारलं तरच पेटी उघडायची. पुरुषानं आधी विचारलं तर म्हणायची, “बडनेऱ्याची, भाऊ. पुढच्या गावी आमची मानसं थांबली हायेत.” पुढच्या गावी आमचं कुणीच नसायचं.

आम्ही बडनेऱ्याला एकाच गल्लीत राहत होतो. माझं कापसाच्या जिनिंगमधलं काम बंद पडलं तेव्हा खालानं मला आपल्या मयत नवऱ्याची सायकल दिली. म्हणाली, “बोलाचं काम माहं. तू फक्त मांगं मांगं ये.” मी तशीच गेले.

फेरी लांबली की कुणाच्या तरी ओसरीवर झोपावं लागे. देवळात किंवा शाळेत ती झोपत नसे. “तिथं कोनी बी येते,” म्हणायची. “ज्या घरात सून सासूले उलटून बोलते ना, तिथं बिनघोर झोपाचं. तिथं बाईले कोनाचं भेव नाई.”

एका घरी सून सासूला म्हणाली, “आज तुमीच करा भाकरी, माहे हात दुखून राहिले.” खालानं लगेच सायकलवरची वळकटी सोडली आणि हसायला लागली.

“काहून हासून राहिली वं?” सासूनं विचारलं.

“तुही सून लय चांगली हाय, बुढे.”

“मंग घेऊन जा तुह्या घरी.”

खाला सुनेचे हातही बघायची. बांगड्या भरताना मनगटावर वळ दिसले, तर त्या घरी आम्ही थांबत नव्हतो.

त्या वर्षांत कापसाच्या गावांमधून माणसं फवारणीचं औषध पिऊन मरत होती. आम्ही ऐकायचो आणि पुढं जायचो. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला निघालो होतो. खालाच्या चाकातली हवा सारखी जात होती, म्हणून दिवस मावळताना वाटेतल्या एका गावातच होतो. एका दारात म्हातारी बसली होती. आम्ही विचारायच्या आधीच ती म्हणाली, “थांबा न बाई आज.”

सून पाणी घेऊन आली. तिनं पदर बोटांपर्यंत ओढला होता. तांब्यासुद्धा पदरातूनच धरला होता.

“भरतं का बांगड्या, बेटी?” खालानं विचारलं.

ती तशीच आत गेली.

खाला रस्त्यावर येऊन म्हणाली, “हात झाकून राहिली. मारतात तिले. चाल, इथं झोपाचं नाई.”

मागून म्हातारी पुन्हा म्हणाली, “थांबा न.”

गावाबाहेर कापसाचा ट्रक मागून आला. त्याचा एकच दिवा चालू होता. मी रस्त्याखाली उतरले. खाला पुढं होती, तिला धडक बसली. ट्रकवाल्यानंच आम्हाला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेतच ती गेली. मला रडू आलं नाही. दफन झाल्यावर मी घरी आले आणि पीठ मळलं.

काही दिवसांनी सायकली आणायला त्या गावी गेले. लोकांनी त्या म्हातारीच्याच ओसरीत ठेवल्या होत्या.

“माहा पोरगा औषध पेला, बाई,” ती म्हणाली. “तुमी आल्या त्याच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी. सुनेचे हात रिकामे. बांगड्यावाल्या दारात पाहून तिनं झाकले. मले तोंडानं सांगवलं नाई.”

मी ओसरीच्या कडेला बसले.

“मले वाटलं, दोन बाया राहतीन तं मी घडीभर झोपीन. सून बी तसंच काई करीन, म्हनून मी जागतच बसतो.”

बोलता बोलता तिची मान भिंतीला टेकली. डोळे मिटले आणि ती दचकून जागी झाली. आत सून चुलीपुढे बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

“तुमी झोपा, माय,” मी म्हणाले. “मी बसतो तिच्यापाशी.”

आणि आत जाऊन सुनेच्या शेजारी बसले.